झटपट पाकशास्त्राचे व्याकरण

पुस्तकांच्या दुकानात अलीकडे एक वाङ्मयप्रकार चांगलाच बाळसे धरू लागला आहे. त्याच्या मुखपृष्ठावर ग्रंथकर्त्याच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत एक आकडा छापलेला असतो. वीस मिनिटे, तीस मिनिटे, फार तर पाऊण तास. आकड्याखाली वाफाळणाऱ्या वाटीचे रंगीत चित्र असते आणि त्याखाली आश्वासन असते की, दिवसभर कचेरीत राबून परतलेल्या मनुष्याने हे पुस्तक ओट्यावर उघडून ठेवावे, म्हणजे तेवढ्या मिनिटांत पान मांडले जाईल. कविता आणि कादंबरी यांच्यावर आपल्याकडे रकानेच्या रकाने भरून चर्चा होते. परंतु जे पुस्तक वाचून मनुष्य लगेच उठतो आणि त्याप्रमाणे वागू लागतो, त्या पुस्तकाची साधी छाननीही कोणी करीत नाही. पाकपुस्तक हे वाङ्मय आहे, आणि ज्या वाङ्मयावर वाचक इतका भाबडा विश्वास ठेवतो त्याने खरे बोलावे ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही. झटपट स्वयंपाकाची पुस्तके खरे बोलत नाहीत असा माझा आरोप आहे. त्यांचे खोटे गणितात सापडत नाही, कारण ते व्याकरणात दडविलेले असते.

इंग्रजीत अशा जेवणाला ‘वीकनाइट डिनर’ म्हणतात. या शब्दाला मराठीत प्रतिशब्द नाही, ही गोष्ट मला अगदीच निरर्थक वाटत नाही. आमच्या घरच्या रात्रींना नावे होती ती निराळी. संकष्टीच्या रात्री पाने केव्हा मांडावयाची हे चंद्र ठरवी. सोमवारचा उपास दिवेलागणीस सुटे. एकादशीच्या रात्री साबुदाण्याची सत्ता असे. सोमवार ते शुक्रवार अशी एकाच रंगाच्या पाच रात्रींची पट्टी कचेरीने आणि लोकलगाडीने विणली. ती पट्टी आता खरी आहे, आणि तिच्याशी माझे भांडण नाही. पती व पत्नी दोघेही संध्याकाळी सातनंतर दमून घरी येतात, आणि कोणाला तरी गॅस पेटवावाच लागतो. अशा माणसाला लवकर होणारे पदार्थ सांगणे हे पुण्यकर्मच होय. म्हणूनच त्या कर्मातील लबाडी अधिक टोचते.

कोणतेही असे पुस्तक उघडावे. प्रत्येक कृतीचे दोन भाग असतात: वर ‘साहित्य’, खाली ‘कृती’. घड्याळ चालते ते खालच्या भागात. वरच्या भागात ते चालत नाही, कारण साहित्य म्हणजे वस्तू आणि वस्तूंना वेळ लागत नाही. पण त्या वस्तूंची नावे जरा सावकाश वाचावी. बारीक चिरलेले दोन कांदे. सोललेल्या आठ लसूणपाकळ्या. किसलेले आले. खवलेला अर्धा नारळ. निवडून धुतलेली मेथीची एक जुडी. रात्रभर भिजवलेले छोले. यांत वस्तू किती आणि कामे किती? कांदा ही वस्तू खरी. परंतु ‘चिरलेला कांदा’ हा एका संपूर्ण वाक्याचा अवशेष आहे. कोणीतरी, केव्हातरी, डोळ्यांतून पाणी काढीत कांदा चिरला, या वाक्यातील क्रियापदाला विशेषणाचा अंगरखा घालून त्याला यादीत बसविले आहे, आणि यादीत बसल्याबरोबर त्याची मिनिटे रद्द झाली आहेत.

मोरो केशव दामले यांनी १९११ साली ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ प्रसिद्ध करून मराठीच्या शब्दरूपांची जी बारकाईने व्यवस्था लावली, तीत धातुसाधितांना मानाचे स्थान आहे. ‘-लेला’ या गरीब प्रत्ययाचा पुढे असा व्यापारी उपयोग होईल हे त्यांच्या स्वप्नीही आले नसेल. या प्रत्ययाचा धर्म असा की, तो क्रिया पुरी झाल्याचे सांगतो आणि कर्त्यावाचून त्याचे काही अडत नाही. कर्ता हवा असेल तर तो खुशाल येऊ शकतो. आईने चिरलेला कांदा, मावशींनी लाटलेली पोळी, मी खवलेला नारळ, असे म्हणण्यास व्याकरणाची कोणतीही मनाई नाही. मनाई आहे ती पाकपुस्तकाची. त्याने ‘आईने’ लिहिले की आईची पंधरा मिनिटे हिशेबात धरावी लागतील. आमच्या भाषेत घर चालविणाऱ्या पुरुषास ‘कर्ता’ म्हणण्याची रीत आहे. स्वयंपाकघरातील खरी कर्ती मात्र त्याच भाषेतल्या एका प्रत्ययाने पुसून टाकता येते, हा योगायोग पाहण्याजोगा आहे.

ही युक्ती मराठीने शोधलेली नाही. इंग्लंडात हॅना ग्लास हिच्या १७४७ सालच्या पुस्तकात कृती सलग गद्यात लिहिलेल्या आहेत. साहित्याची निराळी यादी पुढे एलायझा ॲक्टन हिने १८४५ साली केली व ती कृतीच्या शेवटी दिली, आणि १८६१ साली इझाबेला बीटन हिने ती कृतीच्या डोक्यावर नेऊन बसविली. सोबत लागणारा वेळ, येणारा खर्च आणि किती माणसांस पुरेल याचा अंदाजही दिला. वाचकाची ही मोठीच सोय झाली, यात संशय नाही. परंतु बीटनबाईंचा तो जाडजूड ग्रंथ ज्या घरांसाठी लिहिलेला होता, त्या घरांत नोकरमाणसे असत, आणि त्यांची कर्तव्ये त्याच ग्रंथात नेमून दिलेली आहेत. मालकिणीने यादी सांगावी आणि दासीने त्या यादीतील जिन्नस सोलून, चिरून, धुवून हजर करावे, अशी ती व्यवस्था. तेथे ‘चिरलेला’ म्हणणे खोटे नव्हते. दासी गेली; प्रत्यय तेवढा राहिला. (हॅना ग्लासच्या नावावर एक प्रसिद्ध सूचना खपविली जाते की, प्रथम ससा पकडावा. तिच्या पुस्तकात ती सूचना कोठेच नाही. तेथे ससा येतो तो कातडे काढलेलाच. म्हणजे या रोगाचे बीज सलग गद्याच्या काळातही होते, असे म्हणावयास हरकत नाही.)

आरोप केला की पुरावा दिला पाहिजे. गेल्या हिवाळ्यात, महाविद्यालयाचे दुसरे सत्र चालू असता, अशाच एका पुस्तकातील अकरा कृती मी घरी कामाच्या दिवशी संध्याकाळी करून पाहिल्या. पुस्तकाचे नाव देत नाही, कारण दोष त्या एकट्याचा नाही. नियम एकच ठेवला. टोपलीतून पहिला कांदा उचलला की घड्याळ सुरू, आणि ओटा पुसून फडके वाळत घातले की बंद. ओटा पुसणे हा स्वयंपाक नव्हे असे कोणी म्हणेल, तर त्याने मराठी भाषेला विचारावे. निवडणे-टिपणे, चिराचिरी, वाटणघाटण, फोडणी, वाढणी, उष्टी-खरकटी आणि शेवटी झाकपाक, अशी प्रत्येक पायरीला आपल्याकडे स्वतंत्र नावे आहेत. आमच्या आज्यांनी ती हौसेने पाडलेली नाहीत. प्रत्येक नावाखाली त्यांच्या संध्याकाळीचा एकेक तुकडा गेलेला आहे. पुस्तकाने या सात पायऱ्यांपैकी एक घेतली, तिला ‘कृती’ म्हटले आणि उरलेल्या सहा वाऱ्यावर सोडल्या.

मेथी आणि मूगडाळीची भाजी पुस्तकात वीस मिनिटांची आहे. आमच्या ओट्यावर तिला पंचावन्न लागली. त्यांतील बावीस एकट्या मेथीने खाल्ली. जुडी एक, पण तिच्या काड्या मोजण्याच्या भानगडीत कोणी पडू नये, आणि हिवाळ्यातील मेथीची माती तीन पाण्यांवाचून जात नाही. मटार-पनीर पंचवीस मिनिटांचे. ते एक तास दहा मिनिटांचे झाले, कारण मटार शेंगांतून बाहेर यावयाचे होते आणि कांदा, टोमॅटो, आले व लसूण यांना मिक्सरच्या भांड्यात जाण्यापूर्वी आपापली वस्त्रे उतरवावयाची होती. ‘एका भांड्यातील’ मसालेभाताचे भांडे खरोखरच एक होते, ज्वाळेवर. मोरीत मात्र विळी, किसणी, तांदूळ धुतलेले पातेले, मिक्सरचे भांडे, त्याचे झाकण आणि तीन ताटल्या अशी सभा भरली होती. अंड्याच्या भुर्जीने तेवढे वचन पाळले. पंधराची एकोणीस झाली, आणि चार मिनिटांसाठी मी कोणाशी वाद घालणार नाही. माझाच हात मंद असेल असा संशय येणे स्वाभाविक आहे. परंतु विळीवर तो तीस वर्षे बसलेला हात आहे. शिवाय त्यांतील तीन कृती माझ्या पत्नीने निरनिराळ्या दिवशी केल्या, आणि माझ्याहून चपळ असलेल्या तिच्या हाताने दर खेपेस वाचविली ती सात-आठ मिनिटे. पुस्तक आणि ओटा यांच्यातील दरी अर्ध्या तासाची होती.

या सर्व प्रकरणाचा कळस पुस्तकाच्या मध्यावर कोठेतरी सापडला. ‘डाळिंब्यांची उसळ: पंचवीस मिनिटे.’ साहित्याच्या पहिल्या ओळीत मोड आणून सोललेल्या वालांच्या दोन वाट्या होत्या. ज्यांच्या घरी बिरडे होते त्यांना या ओळीचा अर्थ सांगावयास नको. वाल रात्रभर भिजत घालावयाचे, उपसून फडक्यात बांधून मोड येईपर्यंत उबेला ठेवावयाचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा बोटांच्या चिमटीत धरून त्याचे साल काढावयाचे, आणि हे करताना दाणा दुभंगू द्यावयाचा नाही. दोन वाट्या वाल सोलणे म्हणजे एक अख्खी आकाशवाणीची श्रुतिका ऐकून व्हावी एवढे काम. ‘मोड आणून सोललेले’ या दोन कृदंतांच्या पोटात दीड दिवस आणि एक संध्याकाळ बसलेली आहे. ज्या पदार्थाची तयारी सोमवारी रात्री केली तरच तो बुधवारी पानात पडतो, त्याला पंचवीस मिनिटांचा म्हणणे हे, परीक्षेचा निकाल लागण्यास जेवढा वेळ लागतो तेवढाच अभ्यासास लागतो असे म्हणण्यासारखे आहे.

खालच्या भागातील घड्याळही अगदी प्रामाणिक आहे असे नाही. प्रेशर कुकरचेच पाहावे. दनी पापँ याने १६७९ साली वाफ कोंडणारे भांडे लंडनच्या विद्वानांना दाखविले तेव्हापासून त्याचे तत्त्व बदललेले नाही. कोंडलेल्या वाफेने दाब वाढतो, पाणी शंभर अंशांऐवजी एकशेवीसच्या आसपास उकळते आणि डाळ लवकर शिजते. परंतु दाब चढण्यास वेळ लागतो, आणि शिट्टी झाल्यावर तो उतरण्यासही लागतो. भात-डाळीने भरलेला कुकर पहिल्या शिट्टीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच पुस्तकातील निम्मी मिनिटे संपलेली असतात, आणि शेवटच्या शिट्टीनंतर झाकण उघडेपर्यंत भुकेले लेकरू दोनदा स्वयंपाकघरात येऊन जाते. पुस्तक मोजते ते फक्त दोन शिट्ट्यांमधील अंतर.

कांद्याची कथा तर सर्व खंडांत सारखीच आहे. कांदा पाच मिनिटांत गडद तांबूस होतो असे इंग्रजी पाककृतींत वर्षानुवर्षे छापले जात होते. २०१२ साली टॉम स्कोका या अमेरिकन पत्रकाराने ते करून पाहिले, आणि त्याला पाऊण तासाच्या घरात वेळ लागला. त्याने आपल्या लेखात सरळ शब्दांत विचारले की, पाककृती लिहिणारे लोक खोटे का बोलतात? आमच्या आज्यांना हा प्रश्न कधी पडला नसता, कारण त्या कांद्याला मिनिटे देतच नसत. त्यांची मापे निराळी होती: गुलाबी होईपर्यंत, तेल सुटेपर्यंत, खमंग वास येईपर्यंत, मोहरी तडतडली की. ही मापे अशास्त्रीय म्हणून हसण्यावारी नेण्याची आमच्या पिढीस सवय लागली. वस्तुतः शास्त्रीय तीच आहेत. कांद्यात पाणी किती, कढई जाड की पातळ, गॅसची ज्योत लहान की मोठी, हे सर्व कढईसमोर उभ्या असलेल्या माणसाच्या नाकाला कळते. दूरच्या शहरातील एखाद्या स्वयंपाकघरात एकदाच लावलेल्या घड्याळाला ते कळण्याचा मार्ग नाही.

जेमी ऑलिव्हर या प्रख्यात इंग्रज आचाऱ्याचे तीस मिनिटांच्या जेवणांचे पुस्तक २०१० साली निघाले, आणि पंधरा मिनिटांच्या जेवणांचे २०१२ साली. या दोन वर्षांत मनुष्याची बोटे दुप्पट चपळ झाल्याचे कोणत्याही शरीरशास्त्रज्ञाने नोंदविलेले नाही. मुखपृष्ठावरील आकडा मात्र निम्म्यावर आला. याच्या उलट उदाहरण मी मुद्दाम देतो, म्हणजे झटपट स्वयंपाकाचा मी सरसकट वैरी आहे असा ग्रह होणार नाही. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत संशोधन करणारे एदुआर द पोमियान यांनी १९३० साली दहा मिनिटांच्या स्वयंपाकावर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यांचा पहिलाच उपदेश असा की, घरात शिरताच डोक्यावरची टोपी काढण्यापूर्वी पाण्याचे भांडे विस्तवावर चढवावे. ते पाणी कशाला लागेल हे मागाहून पाहता येईल. या विनोदात एक सचोटी आहे. पाणी उकळण्यास वेळ लागतो हे त्यांनी वाचकापासून लपविले नाही. तो वेळ कोठून काढावा हे सांगितले. आणि दहा मिनिटांत होणारे म्हणून त्यांनी अंडी, शेवया, मांसाचे पातळ तुकडे असे पदार्थ निवडले. दीड तासाच्या पदार्थाला दहा मिनिटांचे नाव दिले नाही.

आमच्याकडे झटपट रात्रीचे जेवण नव्हते असे थोडेच आहे? पिठले आणि भात. मेतकूट, तूप आणि मऊ भात. थालीपीठ आणि लोणी. मुगाच्या डाळीची खिचडी आणि भाजलेला पापड. अवेळी पाहुणा आला तरी अर्ध्या तासाच्या आत हे पानावर पडत असे, आणि त्यासाठी कोणालाही पुस्तक उघडावे लागत नव्हते. पण ही गती कोठून येत होती हे पाहण्याजोगे आहे. थालीपीठ दहा मिनिटांत होते ते भाजणी डब्यात असते म्हणून. आणि भाजणी डब्यात असते ती कोणीतरी ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, धने-जिरे हे सर्व निरनिराळे, मंद आचेवर, करपू न देता भाजून गिरणीतून दळून आणले म्हणून. कुरडई तेलात टाकल्यावर दोन क्षणांत फुलते. तिच्यासाठी गहू तीन दिवस भिजलेले असतात, वाटलेले असतात, त्यांचा चीक शिजवून सोऱ्यातून घातलेला असतो आणि वैशाखाच्या उन्हात कावळ्यांपासून राखलेला असतो. गोडा मसाला, सांडगे, मेतकूट, सर्वांची हीच कथा. मंगळवारच्या संध्याकाळीची घाई उन्हाळ्यातील दुपारींनी आधीच फेडून ठेवलेली असे.

म्हणजे वेग ही साठविलेली मेहनत आहे. तिला आपल्या आज्यांच्या घरात जागा होती, वेळ नेमलेली होती, आणि ती गच्चीवर उन्हात सर्वांच्या डोळ्यांदेखत पसरलेली असे. कोणाच्या हाताने ती झाली हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असे. त्या व्यवस्थेचे मी गोडवे गात नाही. गच्चीवरील त्या दुपारी कोणाच्या होत्या आणि त्यांची त्या बायकांना कधी निवड करता आली का, हे प्रश्न मला सुचतात. पण निदान त्या व्यवस्थेने मेहनतीला विशेषणात लपविले नाही. आजचे पुस्तक साठविलेली मेहनत मागते आणि ती साठविण्याचा उल्लेख करीत नाही. त्याला डबा भरलेला हवा, आणि डबा कोणी भरला हे विचारणे त्याला असभ्यपणाचे वाटते.

आता पूर्वपक्ष ऐकू. कोणी म्हणेल, आकडा थोडा फुगविला किंवा आटविला म्हणून बिघडले काय? या पुस्तकांनी कितीएक तरुणांना, विशेषतः पुरुषांना, ओट्यापाशी आणले. वीस मिनिटे वाचून ते आले आणि पन्नास मिनिटे थांबले, तर लाभच झाला. हा युक्तिवाद मी ऐकलेला आहे, आणि तो अगदीच पोकळ नाही. पण फसगतीचा भार कोणावर पडतो ते पाहावे. पुस्तकात वीस मिनिटे आणि घरात पन्नास लागली की, सुशिक्षित वाचकसुद्धा पुस्तकाला दोष देत नाही. छापील अक्षरावरची आपली निष्ठा फार जुनी आहे. तो म्हणतो, आपलाच हात चालत नाही, आपल्यालाच उरक नाही. आणि तो स्वतः ओट्यापाशी नसेल तर हेच वाक्य तो दुसऱ्याला म्हणतो. वीस मिनिटांचे तर आहे, एवढा वेळ काय करीत होतीस? हा प्रश्न किती घरांत विचारला जातो याची मोजदाद कोणी केलेली नाही. त्या प्रश्नामागचा आकडा मात्र पाकपुस्तकाने पुरविलेला आहे.

वेळेची मोजदाद झालेली आहे ती अशी. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळवापराचे सर्वेक्षण केले. सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी शेकडा ८१.२ स्त्रिया दिवसाकाठी घरचे विनामोबदला काम करीत होत्या, आणि पुरुषांपैकी शेकडा २६.१. जे करीत होते त्यांचा सरासरी वेळ स्त्रियांचा २९९ मिनिटे, पुरुषांचा ९७. चिरलेला, सोललेला, निवडलेला ही सर्व विशेषणे या दोनशे नव्याण्णव मिनिटांत राहतात. रूथ श्वार्ट्झ कोवान या अमेरिकन विदुषीने १९८३ सालच्या आपल्या ग्रंथात दाखविले आहे की, घरात यंत्रे आली तरी गृहिणीचा वेळ सुटला नाही, कारण यंत्राबरोबर अपेक्षाही वाढली. मिक्सर आला आणि पाटा-वरवंटा गेला. पण रविवारचे वाटण त्यामुळे रोजचे झाले. झटपट पुस्तक हेही तसलेच एक यंत्र आहे. ते वेळ वाचवीत नाही, पदार्थ वाढविते. ज्या घरात मंगळवारी पिठल्यावर भागत होते, तेथे आता मंगळवारी मटार-पनीर अपेक्षिले जाते, कारण ते पंचवीस मिनिटांचे आहे.

कामाच्या दिवसाचे झटपट जेवण खरोखर कोठे तयार होते हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने संध्याकाळी चर्चगेटहून विरारकडे किंवा बोरीबंदरहून कल्याणकडे जाणाऱ्या लोकलच्या महिलांच्या डब्यात काय चालते ते आपल्या घरातील स्त्रियांना विचारावे. बसावयास जागा मिळालेली बाई पर्समधून पिशवी काढते आणि मटार सोलू लागते. शेजारची गवारीचे देठ मोडते. तिसरीच्या मांडीवरील वर्तमानपत्रावर मेथी पसरलेली असते, आणि ओळख ना पाळख अशी चौथी बाई हात पुढे करून तिची अर्धी जुडी निवडून देते. घरी पोहोचल्यावर जे वीस मिनिटांत होते ते या पाऊण तासाच्या जोरावर. पाककृतीच्या इतिहासात या डब्याला एक पान मिळावयास हवे. तूर्त त्याच्या वाट्याला एक ‘निवडलेली’ एवढे विशेषण आले आहे.

यावर धनिकांचा उपाय मला माहीत आहे. सोललेला लसूण, खवलेला नारळ, मोड आलेली कडधान्ये, चिरलेली भाजी, सर्व काही बाजारात मिळते. आणखी पैसे मोजावे आणि प्रत्यय विकत घ्यावा. यात गैर काही नाही. ज्याला परवडते त्याने घ्यावे. पण तो लसूण आपोआप सोलला गेलेला नाही. सोलणाऱ्या बाईची बोटे संध्याकाळी चुरचुरत असतात, आणि घरी जाऊन तिलाही कोणासाठी तरी कांदा चिरावयाचा असतो. घरी येणाऱ्या स्वयंपाकाच्या मावशींविषयी तेच म्हणता येईल. पुस्तकाच्या यादीत ‘तयार पोळ्या चार’ असे लिहिलेले मी पाहिले आहे. त्या तयार करणारीची संध्याकाळ त्या ‘तयार’ शब्दात गेली. स्वयंपाक या शब्दाच्या आरंभीच ‘स्वयं’ आहे, म्हणजे भाषेने कर्ता शब्दातच बांधून दिला होता. तो सोडविण्यास बरीच कारागिरी लागली असली पाहिजे.

ग्रंथकार आणि प्रकाशक यांच्याकडे माझी मागणी लहान आहे. साहित्याच्या यादीतून धातुसाधिते काढून टाकावी. कांदे दोन, लसूण आठ पाकळ्या, नारळ अर्धा, मेथी एक जुडी, वाल दोन वाट्या. चिरणे, सोलणे, खवणे, निवडणे, भिजविणे ही सर्व क्रियापदे कृतीत आपापल्या जागी यावी, आणि मुखपृष्ठावरील घड्याळ त्यांच्यावरूनही चालावे. अशा हिशेबाने वीस मिनिटांत बसणारे पदार्थ थोडे उरतील. पण ते थोडे पदार्थ सांगणारे पुस्तक पातळ झाले तरी उपयोगी होईल. असे पुस्तक खपणार नाही, असे प्रकाशक म्हणतील. त्यांनी आपल्याच भाषेतील उदाहरणे पाहावी. लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या १९१० सालच्या ग्रंथाचे नाव ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ असे आहे; कमलाबाई ओगले यांच्या १९७० सालच्या ग्रंथाचे ‘रुचिरा’. एकाने मैत्रीचे आणि संख्येचे आश्वासन दिले, दुसऱ्याने रुचीचे. मिनिटांचे आश्वासन दोन्ही नावांत नाही. तरीही वाटी आणि चमचा यांच्या मापाने नवशिक्यांना हाताशी धरणाऱ्या ‘रुचिरा’च्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या, आणि लग्न झालेल्या मुलींबरोबर ती परदेशीही गेली.

शेवटी एक विनंती मासिकांच्या संपादकांना. परीक्षणार्थ आलेले पाकपुस्तक आपल्याकडे ‘साभार पोच’ या सदरात नाव छापून कपाटात ठेवण्याचा प्रघात आहे. यापुढे ते एखाद्या नोकरी करणाऱ्या गृहस्थाकडे किंवा गृहिणीकडे पाठवावे, आणि त्यातील चार कृती मंगळवारी किंवा बुधवारी, कामावरून परतल्यानंतर, न निवडलेल्या भाजीपासून करून पाहण्याची अट घालावी. परीक्षणाच्या शिरोभागी जेथे पृष्ठसंख्या आणि किंमत छापली जाते, तेथेच पुस्तकात सांगितलेली मिनिटे आणि घरात लागलेली मिनिटे अशा दोन संख्याही छापता येतील.